मालकाचा अंगठा

३ तारीख, सोमवार

पोचलो एकदाचा. भाऊ स्वतः गाडी घेऊन थांब्यावर आले होते. भाऊ म्हणजे इथले कर्तेधर्ते. पन्नाशीचे, गोल चेहऱ्याचे, बोलायला लागले की श्वास घ्यायला विसरणारे. घरापर्यंतच्या वीस मिनिटांत त्यांनी मला तीनदा सांगितलं की मी पाहुणा नाही, घरचाच आहे. कंपनी बंद पडल्यापासून चार महिने घरी बसलेल्या माणसाला असं कुणी म्हटलं की बरं वाटतं.

घर दुमजली आहे. खाली पुढच्या बाजूला ऑफिस, त्याला लागून माझी खोली, मागे स्वयंपाकघर आणि त्याच्याही मागे लांबलचक शेड. वरच्या मजल्यावर भाऊंचे वडील असतात, दादा. धंदा त्यांनी उभा केला. आता प्रकृती बरी नसते, खाली उतरत नाहीत. घरातलं तिसरं माणूस म्हणजे वहिनी, भाऊंच्या पत्नी. बोलतात कमी, कामं मात्र भराभर उरकतात.

धंदा कसला, हे ताईला फोनवर सांगताना माझीच जीभ अडखळली. जळवा. इथे जळवांची पैदास होते आणि त्या मोठमोठ्या हॉस्पिटलांत जातात. तुटलेलं बोट डॉक्टर परत जोडतात तेव्हा त्यात रक्त साकळतं, ते ओढून घ्यायला जळू लावतात. भाऊंनी हे इतक्या अभिमानाने सांगितलं की मीही मान डोलावली. ताई मात्र हसत सुटली. लहानपणापासून ती मला साबणराव म्हणते, कारण दाराच्या कडीला हात लागला तरी मी हात धुतो. जगातली सगळी कामं सोडून साबणरावाला जळवाच भेटल्या का, म्हणाली. मीही हसलो.

काम सोपं आहे. कुठली जळू कुठल्या बरणीत, कधी जन्मली, किती दिवस उपाशी, कुठे पाठवली, या सगळ्या नोंदी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर आहेत. कॉम्प्युटर ठणठणीत, पण त्यातला प्रोग्रॅम जुनाट, दिवसातून दोनदा मान टाकतो. त्याच कॉम्प्युटरवर नवा डेटाबेस उभा करायचा आणि जुन्या नोंदी त्यात आणायच्या. सगळं याच घरात, याच टेबलावर. बाहेरच्या कुठल्या सर्व्हरवर एक ओळसुद्धा जायची नाही, ही दादांची अट. दोन आठवड्यांचं बोलणं झालंय. माझ्या अंदाजाने आठवड्यात हातावेगळं होईल.

खोली चकचकीत आहे. तरी मी आपली चादर वरून घातलीच.

४ तारीख, मंगळवार

सकाळी भाऊंनी शेड दाखवली. नसती दाखवली तरी चाललं असतं.

शेकडो बरण्या. प्रत्येकीच्या तोंडाला फडकं घट्ट बांधलेलं, आत काचेला चिकटलेल्या तपकिरी-हिरव्या वाद्या. मधूनच एखादी वादी सुटते, लांब होते, आखडते. जळवा सतत कात टाकतात आणि ती कात पाण्यात शेंबडासारखी तरंगत राहते. रोज काढली नाही तर पाणी नासतं. फुलदाणीत पंधरा दिवस राहिलेल्या पाण्याचा आणि गंजक्या लोखंडाचा मिळून जो वास होईल, तो तिथे भरून राहिला होता. वहिनी उघड्या हाताने कात गोळा करून बादलीत टाकत होत्या. बादली अर्धी भरली होती आणि आतला माल थुलथुलत होता. मी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

पिल्लं देणाऱ्या थोराड जळवा मात्र इथे नसतात. त्या वर, दादांच्या नजरेखाली असतात, असं भाऊ म्हणाले. बाकी सगळी त्यांची प्रजा. एक गोष्ट माझ्या लक्षात आली, भाऊंनी तिथे कशालाही हात लावला नाही. पूर्ण वेळ हात खिशात. म्हणजे किळस येणारा मी एकटाच नाही.

दुपारी डेटाबेस बसवला. बसायला पाच मिनिटं लागली, उभा मात्र राहीना. सर्व्हर चालू केला की लगेच बंद. लॉग उघडून पाहिला: परमिशन डिनाइड. हा आमच्या धंद्यातला रोजचा ताप आहे. सर्व्हर आपल्या वेगळ्या खात्याने चालतो, आणि नोंदींच्या फोल्डरात पाऊल टाकायची त्या खात्याला मुभा नसते. फोल्डरचा मालक बदलला की प्रश्न मिटतो. मालक कोण ते पाहिलं. एकच नाव, दादा. मालक बदलायला गेलो, नाही म्हणाला. कॉपी करायला गेलो, नाही. आत काय आहे ते नुसतं डोकावायला गेलो, तरी नाही. डिस्कलाही आतून कुलूप आहे, त्यामुळे मागच्या दाराने शिरायची सोय नाही. अख्ख्या कॉम्प्युटरवर अ‍ॅडमिन म्हणून एकच खातं, आणि तेही दादांचं.

उद्या भाऊंकडून पासवर्ड घेतो.

५ तारीख, बुधवार

पासवर्ड नाहीच. दादांचा अंगठा आहे.

ऑफिसात हजेरीला असतं तसलं थंब मशीन कॉम्प्युटरला जोडलेलं आहे, त्याला भली मोठी वायर. मालकाची परवानगी लागेल असं मी म्हटल्यावर भाऊ एकदम गंभीर झाले आणि वर जाऊन विचारून आले. मग वहिनी मशीन घेऊन, वायरचं वेटोळं सोडत जिना चढल्या. मी खाली पडद्यासमोर. पाचेक मिनिटांनी दादांचं खातं उघडलं. दहा मिनिटांनी ते आपोआप बंद होतं, पुन्हा अंगठा लागतो.

गंमत म्हणजे दादांनी आज फक्त वाचायची परवानगी दिली आहे. लिहायचं उद्या बघू, असा निरोप भाऊंनी अगदी तोंड पाडून आणला. या घरात माझ्या सर्व्हरलासुद्धा वडीलधाऱ्यांची मर्जी सांभाळून राहावं लागणार. ताईला सांगितलं तर म्हणाली, वाकून नमस्कार करायला शिकव त्याला.

मशीन खाली आलं तेव्हा त्याची काच ओली होती. पाणी असेल म्हणून मी बोटाने पुसायला गेलो, तर बोटाबरोबर तार सुटली. लांब, चकाकणारी, तुटता तुटेना. हात चार वेळा धुतले. नखात वास राहिलाय.

६ तारीख, गुरुवार

वाचता येतं म्हटल्यावर नोंदी उतरवून घेतल्या आणि सर्व्हर उभा राहिला. पण डेटाबेसच्या आतही तीच कथा. एकेका टेबलाचे मालक दादा. मी याच कॉम्प्युटरवर बसलोय, तरी माझ्या नावाने आत शिरायला गेलो की दार लावतो. ते सुधारायला अंगठा, त्यानंतर लिहायच्या हक्काला अंगठा, त्यात काही चुकलं की परत अंगठा. वहिनींच्या दिवसभरात पाच फेऱ्या झाल्या. त्यांचे गुडघे दुखतात, हे त्या जिना कशा चढतात त्यावरून कळतं. मशीन मी वर नेतो म्हणालो, तर दोघं एकदमच नको म्हणाले. वहिनींनी आणखी बजावलं, मशीनला मी हातही लावायचा नाही, त्याच पुसून देत जातील. घरात माझी काळजी फार घेतात. खोलीतला पाण्याचा जगसुद्धा त्या स्वतः भरून ठेवतात.

दादांनी भाऊंकरवी विचारलं की नव्या पद्धतीतही सगळं परवानगीनेच होणार ना. मी हो कळवलं. भाऊ म्हणाले, दादांचा आयुष्यभराचा एकच नेम, माणसाच्या परवानगीशिवाय त्याला जळू लावायची नाही. एकतीस वर्षांत एकदाही मोडला नाही. मला हे आवडलं. आजकाल इतकं कोण पाळतं.

मशीन आज पाच वेळा वरून आलं. वहिनी पदराने पुसून देतात, तरी काचेच्या कडेला बुळबुळीत साय साचते. आज त्या वर असताना छतातून आवाज आला. ओली चिंधी फरशीवर पडावी तसा. मग आणखी एक. मग पाच-सहा लागोपाठ.

७ तारीख, शुक्रवार

दिवस फुकट गेला. दादांचा अंगठा जुळत नाही. तीनदा जुळला नाही की मशीन तासभर बंद पडतं. पाण्यात राहून चामडी सुरकुतली असेल, असं वहिनी म्हणाल्या. आजारी माणूस इतका पाण्यात कशाला, ते मी विचारलं नाही.

दुपारी मशीन खाली आलं तेव्हा काचेवर पांढरा पापुद्रा चिकटला होता. नखाएवढा. जळवेची कात असेल म्हणून मी कागदाच्या टोकाने उचलला आणि उजेडात धरला. त्यावर रेषा होत्या. एकाआत एक, गोल गोल. अंगठ्याच्या असतात तशा.

बेसिनपर्यंत पोचलो नाही. खिडकीतूनच ओकलो.

त्यावर कडी म्हणजे संध्याकाळी मोजा काढताना टाचेकडे ओलं लागलं. मोजा लाल. घोट्यामागे तीन टोकांची बारीक खूण, दुखत अजिबात नाही, पण रक्त थांबतच नाही. बूट झटकला तर आतून द्राक्षाएवढी, टम्म फुगलेली जळू टपकन पडली आणि सुस्तपणे वळली. भाऊ दारातूनच मागे सरले. वहिनींनी ती दोन बोटांत उचलली. शेडमधून चुकूनमाकून येते एखादी, म्हणाल्या. तिच्या पोटात माझं रक्त घेऊन त्या निघून गेल्या, जसं काही वाटीभर साखर उसनी नेतायत.

बूट टाकून दिले. चपला आहेत.

८ तारीख, शनिवार

काम फत्ते. काय केलं ते नीट लिहून ठेवतो.

अकरा वाजता, चौथ्या खेपेला दादांचा अंगठा लागला. मशीन खाली आलं. काचेवर या वेळी पापुद्रा नव्हता, पण त्याच्या जागी गुलाबीसर पाणी होतं. हे आणखी आठवडाभर बघायचं माझ्यात त्राण नव्हतं. दादांचं खातं उघडं होतं, दहा मिनिटं हातात होती. त्यात एक पर्याय होता, मालकाचा अंगठा बदला. वहिनी बादली उचलायला मागे गेल्या होत्या. मी काच स्पिरिटने तीनदा पुसली, श्वास रोखला आणि माझं नाव टाकून माझा उजवा अंगठा ठेवला. मशीनने घेतला.

तात्पुरतंच. काम संपलं की भाऊंचा घालून देणार होतो.

मग मात्र सगळं पाण्यासारखं वाहायला लागलं. फोल्डर सर्व्हरच्या नावावर केलं, टेबलांचे हक्क दिले, लॉगिन जुळवलं. तीन वाजता एकतीस वर्षांच्या नोंदी नव्या डेटाबेसात, एकही लाल ओळ नाही. भाऊंना बोलावून छाती फुगवून दाखवलं, अंगठ्याचंही सांगितलं. सोमवारपासून पहिल्यांदाच हा माणूस हळू आवाजात बोलला. विचारलं, कुणी सांगितलं नव्हतं ना, मी माझ्या मनानेच ठेवला ना. माझ्याच मनाने, मी म्हणालो. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. डोळे भरून आले होते. तसेच वर गेले.

स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभ्या होत्या. मी म्हटलं होतं हात लावू नका, एवढंच म्हणाल्या आणि बादली धुवायला गेल्या.

९ तारीख, रविवार

अक्षर लागलं नाही तर मलाच पुढे वाचता यायचं नाही, म्हणून सावकाश लिहितो.

सकाळपासून नोंदी तपासत होतो, कुठे काही गळलं का. एका टेबलाचं नाव आहार. थोराड जळवांना कधी खायला घातलं, किती जणींना, आणि शेवटचा रकाना: कुणावर. मला वाटलं होतं, एखाद्या जनावराचं रक्त विकत आणत असतील. पण एकतीस वर्षं, आठवड्यातून दोनदा, त्या रकान्यात दादा. मधे एका वर्षी सात आठवडे वहिनी. पुन्हा दादा. आणि शनिवारपासून मी.

आधी हसू आलं. उघड चूक होती. प्रोग्रॅम त्या रकान्यात मालकाच्या खात्यावर ज्याचा अंगठा असेल त्याचं नाव आपोआप भरतो. मग त्या ओळीला जोडलेला कागद उघडला. संमतिपत्र. या खात्याचा मालक आपल्या खुशीने, कुणाच्या दडपणाशिवाय, आपलं शरीर आहारासाठी देत आहे. खाली अंगठा. तोही खात्यातूनच उचललेला. माझा.

चूक दुरुस्त करून घ्यावी म्हणून मी सरळ जिना चढलो. भर दुपार होती. वरच्या खोलीत लख्ख ऊन. मधोमध पांढरा न्हाणीचा टब, त्यावर जाळीचं फडकं. त्यात दादा बसले होते. चेहरा मेणासारखा, कान आरपार दिसावेत इतके पांढरे. पाण्याबाहेर एक हात, टॉवेलवर ठेवलेला. पायांत मांडीपर्यंत काळे लोकरी मोजे. पाण्यात मोजे कशाला, हे मनात येतंय तोवर मोज्यांवरून एक लाट गेली. घोट्यापासून मांडीपर्यंत, एकदम. मोजे नव्हतेच.

दादा माझ्याकडे बघून हसले. हिरड्यासुद्धा पांढऱ्या. अगदी मायेने बोलले. जनावराचं रक्त या जळवांना सोसत नाही, रोग लागतो, म्हणून त्यांनी सुरुवातीपासून स्वतःचं दिलं. आता त्या माणसाशिवाय तोंड लावत नाहीत. मुलाला विचारलं होतं, तो भोवळ येऊन पडला. सुनेने केलं, पण मनापासून नाही. कुणी आपण होऊन पुढे येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. मला आशीर्वाद द्यायला त्यांनी हात उचलला. हाताखालून एक निसटली आणि फरशीवर पडली. तो आवाज.

जिना उतरताना मी भिंतीला धरून ओकलो. भाऊ खाली उभे राहून पाठीवरून हात फिरवत होते. तो हात मला नको होता. त्यांचा हात कोरडा, ऊबदार, स्वच्छ आहे. इतका घाणेरडा स्पर्श मला आजवर झाला नव्हता.

उद्या पहाटेच निघतो. पैसे राहू देत.

१० तारीख, सोमवार

दादा गेले. पहाटे. भाऊंनी येऊन सांगितलं. रडत होते, आणि त्याच दमात म्हणाले, अंग गार पडलं तसं त्या सगळ्या आपोआप सुटल्या. चारशे. टबमध्ये फिरतायत. उपाशी.

मी बॅग भरली. दात घासताना बेसिनमध्ये रक्त पडलं. नाकाच्या मागे गुदगुल्या. आरशात पाहिलं. डाव्या नाकपुडीतून काळं टोक बाहेर आलं, वास घेतल्यासारखं हललं, आत गेलं. चिमटीत धरायला गेलो, बुळकन सुटलं. घशाकडे सरकलं. मला कळलं सरकलेलं. खोलीतल्या जगमधलं पाणी. आठवडाभर मी तेच पाणी—वहिनींनी भरलेलं, शेडमधलं—

फाटकापर्यंत गेलो. पँट वर करून पाहिली. गुडघ्यांच्या मागे तीन टोकांच्या खुणा, अकरा मोजल्या, मग मोजणं सोडलं. झोपेत, पलंगावर, माझ्याच धुतलेल्या चादरीवर. एकदाही दुखलं नाही. फाटकाची कडी दिसत होती. मग ती वर गेली, मी खाली.

उचलताना भाऊ म्हणत होते, सावकाश, घरचं माणूस आहे.

११ तारीख, मंगळवार

वरची खोली. ऊन. टब धुऊन घेतलाय. दादा त्यात नाहीत. कुठे नेलं, विचारायला आवाज नाही. घशात ती आहे. गिळलं की ती पण हलते.

मी टबमध्ये. कमरेपर्यंत कोमट पाणी. खाली बघत नाही.

एकदा बघितलं.

दुखत नाही. हेच सगळ्यांत वाईट. पाय दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. त्यांच्या तोंडातून काहीतरी सुटतं म्हणे, बधिर करणारं. झोप छान लागते. वहिनी चमच्याने भरवतात. तोंड पुसतात. मघा फडकं पिळताना त्यांचे घोटे दिसले. तीन टोकांच्या खुणा, जुन्या, पांढऱ्या झालेल्या. एकही जागा मोकळी नाही.

वही आणि पेन त्यांनीच आणून दिलं, कालचंही आजच लिहिलं. भाऊंना सांगू नका म्हणाल्या. फोन मात्र भाऊंकडे. त्यांनी ताईला कळवलंय, मला ताप आहे, औषधपाणी चालू आहे. ताईने त्यांचे आभार मानले.

खुणेने म्हटलं, अंगठा काढा. भाऊंनी कॉम्प्युटरवर करून बघितलं, खरंच बघितलं. मालकाचं खातं रिकामं ठेवता येत नाही. आधी जुन्या मालकाचा अंगठा, लगेच नव्याचा. पडद्यावर एकच ओळ, नवा अंगठा द्या. माझ्याच डेटाबेसात. मीच बसवलेल्या.

१२ तारीख, बुधवार

भाऊंच्या मते माझं रक्त पातळ आहे. जळवा समाधानी नाहीत. वाळतायत. भाऊंना वाईट वाटत होतं. माझ्यासाठी नाही.

मग म्हणाले, ताई उद्या येतायत. मला न्यायला. तिला सांगून ठेवलंय, आजारी माणूस ताब्यात घ्यायचा तर नातेवाइकाचा अंगठा लागतो. सख्खी बहीण. एकाच रक्ताची. जळवा लगेच धरतील. मी सुटेन. घरी जाईन. स्वतःची गादी, स्वतःचा ग्लास, गरम पाणी—

मी मान हलवली नाही. नाही अशी हलवता आली असती. मान चालते माझी.

ताईचे दंड आठवले. भरलेले, तजेलदार. माप घेतल्यासारखे आठवले. हे कुणी माझ्या मनात घातलं नाही. माझं मीच.

पायांवर जे आहे त्याची आता किळस येत नाही. माझी येते.

१३ तारीख, गुरुवार

ताई खाली आहे. हसते आहे. भाऊ काहीतरी सांगतायत, ती दिलखुलास हसते आहे.

ओरडलो. फुसफुस झाली फक्त. घशातली हलली.

आधी माझा अंगठा लागतो. तो दिला नाही तर पुढे काही होत नाही. पेन उजव्या मुठीत धरलंय, अंगठा आत. लिहीत राहायचं. लिहितोय तोवर मूठ बंद. बाकी ताकद कशात नाही.

जिन्यावर पावलं. तिची. विचारते आहे किती पायऱ्या.

भाऊंनी मशीन वहिनींच्या हातात दिलं. वहिनी काच पुसतायत. स्वच्छ. माझ्याजवळ बसल्या. करंगळी सोडवली. हात बुळबुळीत. हळू करतायत—मुद्दाम हळू करतायत का—वहिनी माझ्याकडे बघत नाहीत—

दुसरं बोट.

ताई दारात. तिने तोंडावर हात धरला. वास आला असेल. ताई जा. भाऊ तिला म्हणतात, आधी एवढं उरकू, मग शांतपणे बोला त्याच्याशी. ती मान डोलावते आहे. ताई खाली बघ, पाण्यात बघ, माझ्या चेहऱ्याकडे नको—

मधलं बोट गेलं. पेन दोन बोटांत. अजून लिहितोय. अजून माझ्याच हातात आहे. सोडणार नाही. ताई सोडणार नाही मी—

भाऊंना विचारते आहे, उजवा ठेवू की डा